घट्ट नवरा, सैल भाऊ

टेलो व्हर्देनच्या घरातली बरणी टेलोशिवाय कुणाला उघडता येत नसे. तो पाण्यावर गेला की त्याची बायको युलाली भेंडीच्या लोणच्याची बरणी काखोटीला मारून माझ्या दुकानात यायची. मी झाकण गरम पाण्यात धरायची, ती फडकं लावून पिळायची, आणि दोघी मिळून तिच्या नवऱ्याचा उद्धार करायचो. माझा नवरा केव्हाच वर गेला होता, त्याला आता काय बोलायचं!

टेलोचं म्हणणं एकच. वस्तू सैल राहिली की माणूस बुडाला. त्यामुळे त्याच्या घरचा नळ बंद करून झाला की पुन्हा उघडायला पाना लागे. देवळातला बाक डुगडुगतो म्हणून त्याने एकदा त्याचे स्क्रू आवळले, तर बाक मधोमध चिरला आणि चिरलेल्या बाकावर तो स्वतःच वर्षभर बसत राहिला, जणू काही झालंच नाही.

युलालीचा भाऊ अद्रास लिरेट हा टेलोच्या नेमका उलटा. त्याच्या घराचं दार वाऱ्यावर फडफडत असायचं, खुर्चीचा एक पाय नेहमी बाजूला काढून ठेवलेला. बोट चालवताना एकदा तिचं सुकाणू निखळून हातात आलं, तर त्याने ते वर धरून काठावरच्या लोकांना टाटा केला होता. अद्रास म्हणायचा, "स्क्रूचे आटे असतात ना, ते बायकोसारखे. जोर केलास की बिघडतात." त्याची बायको त्याला सोडून बॅटन रूजला गेली होती ती मात्र त्याने जोर केला म्हणून नव्हे, तर काहीच केलं नाही म्हणून.

अशा दोघांच्या मधे युलाली. लग्नाआधी ती स्वतःची बोट घेऊन एकटी खेकडे पकडायची. तिची बोट कधी बंद पडली असं मला तरी आठवत नाही. पण लग्न झालं, आणि टेलोच्या बोटीवर टेलोच्या इंजिनाला हात लावणारा टेलोच. बोटीला नाव मात्र त्याने प्रेमाने दिलं होतं, 'मिस युलाली'. अद्रासच्या बोटीचं नाव होतं 'कदाचित'.

आमच्या बायू मिनोवर, म्हणजे गावाला लागून असलेल्या संथ खाडीवर, ऑगस्टात कोळंबीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बोटींना आशीर्वाद देतात. फादर पहिल्या बोटीत उभे राहून सायप्रसच्या झाडाची फांदी पवित्र पाण्यात बुडवतात आणि दोन्ही काठांवर शिंपडत जातात. पहिल्या बोटीचा मान कुणाचा, हे फादर टोपीतून चिठ्ठी काढून ठरवतात. यंदा मान निघाला टेलोचा आणि दुसरा नंबर अद्रासचा. दुसऱ्या बोटीत मेरीमातेची मूर्ती असते. आणि पहिली बोट अडली, तर फादर दुसऱ्या बोटीत बसतात, असा आमचा रिवाज.

चिठ्ठी निघाली त्या रविवारपासून टेलो छाती काढून चालायला लागला. अद्रास नुसता हसत राहिला, आणि त्याचं ते हसणं टेलोच्या डोक्यात गेलं.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात दोघंही माझ्या धक्क्याला आले. मी तिथे डिझेल, पेट्रोल, आमिष आणि बारीकसारीक सामान विकते. दोघांची इंजिनं एकाच जातीची, मागे टांगलेली, तीन सिलिंडरची. दोघांनी तीन-तीन नवे स्पार्क प्लग घेतले आणि शेजारी शेजारी बोटी बांधून बसवायला घेतले. युलाली माझ्याबरोबर बाकावर कॉफी पीत होती. धक्क्यावर अजून पाच-सहा जण जमले, कारण त्या दोघांना काम करताना बघणं हा आमच्याकडे फुकटचा तमाशा होता.

टेलोने प्लग बसवायची जागा पुसलीसुद्धा नाही. प्लग लावला, पाना चढवला, आणि पान्याच्या दांड्यावर एक लांब लोखंडी नळी सरकवली, म्हणजे जोर दुप्पट.

"टेलो, ते इंजिनचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे," युलाली म्हणाली. "आणि प्लगच्या पोटात चिनीमाती असते. कपासारखी. आधी हाताने फिरव, मग नुसता—"

"कॉफी पी तू."

"अरे, प्लगखालचं वायसर दबेपर्यंत बस झालं—"

"युलाली, फादर बसणारेत या बोटीत! फादर! प्लग उडून त्यांच्या कपाळात गेला तर?"

आणि त्याने नळीवर अख्खं वजन टाकलं. 'कर्रर्र' असा आवाज आला. टेलो समाधानाने म्हणाला, "ऐकलंस? बसला."

युलालीने डोळे मिटून घेतले. मी तिच्याकडे पाहिलं. तिने कॉफीचा घोट घेतला.

तिकडे अद्रास दोन बोटांनी प्लग फिरवत होता, बाटलीला बूच लावावं तसा. मधेच हात थांबवून त्याने आमच्याकडे बघून डोळा मारला.

"अद्रास, पाना लाव," युलाली ओरडली. "बोटांनी लावलास, आता थोडा आवळ."

"राहू दे ताई, श्वास घेऊ दे त्याला."

"श्वास घ्यायला तो काय मासा आहे? गरम झाला की उचकटेल."

"तुझा नवरा आवळतोय ना तुझ्या वाटचं. आमचा वाटा पण त्यालाच दे."

टेलो पलीकडून म्हणाला, "हसून घे. रविवारी मी फादरना घेऊन परत येईन तेव्हा तू जलपर्णीत अडकून बसलेला असशील."

"फादरना पोहायला येतं का, ते विचारून ठेव तेवढं," अद्रास म्हणाला.

दोन दिवसांनी युलाली दुकानात आली ती हसतच. बाकावर बसली आणि पदरात तोंड लपवावं तसं टोपीत तोंड खुपसून हसत राहिली.

"अगं ओडील, काय सांगू! काल टेलो म्हणतो, तू उद्या अद्रासकडे गम्बोचं कालवण घेऊन जाणार ना? मग जाता जाता त्याच्या इंजिनचं झाकण काढ आणि प्लग अजून थोडे सैल कर. कुणाला कळणार नाही."

"बाई गं! आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. चार शब्द वाचले. आणि आज अद्रासकडे गेले, गम्बो ठेवला, तर तो दार लावून घेतो. त्याच्या घरचं दार लागतं हे मला आजच कळलं! दार लावून म्हणतो, ताई, तू तिथेच राहतेस, टेलोच्या प्लगला अजून एक पीळ दे. तो एवढा आवळतो की त्याला समजायचंसुद्धा नाही."

"मग त्यालाही हो म्हणालीस?"

"म्हणजे काय! भाऊ आहे माझा. नवऱ्याला हो म्हणायचं आणि भावाला नाही?"

"आणि करणार काय तू?"

तिने गम्बोचं रिकामं भांडं माझ्यासमोर आपटलं. "काय करणार? भांडं परत आणलं. अजून काही करायची गरज आहे का, तूच सांग. मी दोघांनाही नीट सांगितलं होतं, दोघांनीही ऐकलं नाही. आता पाण्यावर बघू. पाणी संथ आहे, काठ हाकेवर आहे. बुडणार कुणी नाही."

रविवारी प्रार्थना आटोपली आणि सगळा गाव काठावर आला. खुर्च्या, छत्र्या, बटाट्याचं सॅलड, लहान मुलं, कुत्री. बोटींना कागदी फुलांच्या माळा. तिसऱ्या बोटीत अकॉर्डियनवाला. 'मिस युलाली'त पुढे फादर अन्सेल्म, पायाशी पवित्र पाण्याची बादली, मागे इंजिनापाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला टेलो, आणि मधे युलाली, कारण बोट तिच्या नावाची. मी होते 'कदाचित'मध्ये, मेरीमातेच्या मूर्तीला दोन्ही हातांनी धरून. अद्रासने मूर्ती ज्या दोरीने बांधली होती तिच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

निघताना दोन्ही इंजिनं छान चालत होती. हळू चालवताना फुटका प्लगसुद्धा कसाबसा रेटून नेतो. टेलोने मागे वळून आमच्याकडे असा कटाक्ष टाकला, जणू नेपोलियन. मग वाकणाशी पाण्याला ओढ लागते तिथे त्याने वेग वाढवला, आणि इंजिन खोकलं.

आधी एकदा. मग लागोपाठ. ढुर्र-फट-ढुर्र-फट, निळा धूर, आणि बोट लंगड्या म्हशीसारखी झटके देत चालली. फादर फांदी उचलून आशीर्वाद द्यायला जात, तेवढ्यात बोट हिसका देई, आणि पवित्र पाणी काठाऐवजी टेलोच्या तोंडावर जाई. असं तीनदा झालं. काठावरून कुणीतरी ओरडलं, "अजून शिंपडा फादर, त्यालाच गरज आहे!"

टेलोने आणखी पेट्रोल दिलं. इंजिन ओलं झालं, गुदमरलं आणि बंद पडलं.

"आता बघ," अद्रास मला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "ओडील, मूर्ती जरा सरकव, फादरना जागा कर." आणि त्याने 'कदाचित'चा वेग एकदम वाढवला.

झाकणाच्या आत बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मी मेरीमातेला मिठी मारली. पाठोपाठ किटलीची शिटी वाजावी तसा फुस्स-फुस्स आवाज, आणि इंजिन असं काही थरथरायला लागलं की घाबरून अद्रासनेच ते बंद केलं. वेगात असलेली आमची बोट तशीच पुढे घसरत गेली आणि 'मिस युलाली'ला बाजूने जाऊन धडकली. दोन्ही बोटी एकमेकींना टेकून, कागदी माळा एकमेकींत गुंतवून, जलपर्णीच्या गादीवर जाऊन बसल्या. मागे सगळ्या मिरवणुकीची गर्दी झाली. अकॉर्डियनवाल्याने मात्र वाजवणं थांबवलं नाही.

टेलोने तोंड पुसलं. एकदा अद्रासकडे पाहिलं आणि त्याच्या ओठांवर हसू फुटलं. मग स्वतःच्या इंजिनाकडे पाहिलं आणि हसू गेलं. अद्रासचंही तसंच झालं, फक्त उलट्या क्रमाने. मग दोघांनी एकाच वेळी युलालीकडे पाहिलं.

टेलो तिच्याकडे झुकून कुजबुजला. पण टेलोचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं. "अगं, मी तुला त्याचे सैल करायला सांगितले होते! माझं काय केलंस?"

"काय सैल करायला सांगितलं होतंस?" अद्रास उभाच राहिला. "ताई! तू माझे प्लग सैल केलेस?"

"आणि तू तिला काय सांगितलं होतंस रे?" टेलो गरजला. "बोल ना! माझा प्लग आपोआप मेला काय?"

अद्रासने तोंड उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की फादर अन्सेल्म बादलीच्या कडेवर बसून, फांदी मांडीवर ठेवून, अगदी लक्ष देऊन ऐकताहेत.

"बोला, बोला," फादर म्हणाले. "थांबलात का? मला कुठे जायचंय? इंजिन बंद आहे."

दोघंही आपापल्या इंजिनाकडे बघायला लागले.

"म्हणजे," फादरनी हिशोब लावला, "यानं सांगितलं त्याचे सैल कर. त्यानं सांगितलं याचे आवळ. माझ्या आशीर्वादाच्या दिवसासाठी. बरोबर?"

"एकच पीळ म्हणालो होतो, फादर," अद्रास पुटपुटला.

"चला, शनिवारी पापांची कबुली द्यायला यायचे तुमचे कष्ट वाचले."

काठावर हास्याचा एवढा कल्लोळ झाला की कुत्री भुंकायला लागली.

युलालीने शांतपणे टोपी सावरली. "फादर, मी दोघांना हो म्हटलं ते खोटं, तेवढं पाप माझं. पण मी कुणाच्याच इंजिनाला हात लावलेला नाही. यानं आपला स्वतः आवळून फोडला, आणि त्यानं आपला स्वतः सैल ठेवून उडवला. दोघांनाही माझी मदत लागली नाही."

"खोटं!" दोघंही एका सुरात म्हणाले.

"बरं, खोटं तर खोटं. टेलो, पाना दे."

"कशाला?"

"इथे बसून राहायचंय? जलपर्णीत अंडी घालणार आहेस?"

टेलोने पाना दिला. आधी तिने अद्रासच्या इंजिनाचं झाकण काढलं. वरचा प्लग आपल्या जागेतून उडून झाकणावर आदळला होता, आणि तारेला लोंबकळत होता. त्याची पांढरी चिनीमाती फुटली होती. खालचे दोन हाताने हलत होते. तिने ते भावाला एकेक हलवून दाखवले, दात हलवून दाखवावे तसे. अद्रास आकाशाकडे बघत राहिला. भोकाचे आटे तिने बोट घालून तपासले. शाबूत होते.

"एक प्लग पाहिजे," ती म्हणाली. "अद्रास, जादा आहे?"

"होते. कुठेतरी."

'कुठेतरी' म्हणजे बोटीच्या तळाशी, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणि वाळक्या कोळंबीबरोबर गडगडत. तिने दोन शोधून काढले. एकाचं टोक आपटून चेपलं होतं, ठिणगी पडायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्याची चिनीमाती तडकलेली. तिने दोन्ही खिशात टाकले आणि नवऱ्याच्या बोटीत गेली.

टेलोच्या इंजिनात मधला आणि खालचा, दोन्ही प्लग गेले होते. पांढऱ्या अंगावर केसाएवढी काळी रेघ, तिथून ठिणगी बाहेर पळत होती. वरचा मात्र धड दिसत होता. पण तो निघेना. युलालीने जोर लावला, निघेना. टेलोने लावला, निघेना. शेवटी टेलोची ती लांब नळी लावून टेलो आणि अद्रास दोघं त्यावर लोंबकळले, मेव्हणा मेव्हण्याच्या गळ्यात हात टाकून. मी गेल्या वीस वर्षांत त्यांना इतकं जवळ पाहिलं नव्हतं.

"तुझ्या या घट्टपणानं एक दिवस—" अद्रास दात-ओठ खात म्हणाला.

"तोंड सैल सोडू नकोस, जोर लाव!"

कड्क! दोघंही जलपर्णीत.

प्लग सुटला होता, आटे आश्चर्याने जागच्या जागी होते. युलालीने प्लग पुसून फादरच्या हातात दिला. "धरा फादर. पाडू नका. पडलेला प्लग आणि मोडलेला नवस, दोन्ही कामाचे नाहीत."

फादरनी तो ओंजळीत धरला.

तिने अद्रासच्या इंजिनातली जागा फडक्याने स्वच्छ केली. प्लग घेतला, नुसत्या बोटांनी अलगद लावला, हळूहळू फिरवत नेला, टेकेपर्यंत. मग पाना चढवला. दोन्ही पुरुष चिखल गाळत बोटीच्या कडेला धरून उभे होते, आणि अख्खी मिरवणूक माना उंचावून बघत होती.

तिने पाना जरासा फिरवला.

"अजून!" टेलो कळवळून म्हणाला.

"बस, बस, बस!" अद्रास ओरडला.

"हा एकदा बसलेला आहे, वायसर आधीच दबलंय. एवढंच लागतं," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, आणि तिने पाना काढला. टेलोच्या कपाळावर घाम आला होता. एवढं कमी आवळलेलं काही त्याने आयुष्यात पाहिलं नसावं. "उडेल तो," तो म्हणाला.

"चिरेल तो," अद्रास म्हणाला.

खालचे दोनही तिने तसेच नीट बसवले, तारांच्या रबरी टोप्या 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या, झाकण लावलं. मग इंजिन सुरू केलं. ते खोकलंसुद्धा नाही. मऊ, एकसारखं गुरगुरलं. अद्रासच्या इंजिनाचा असा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. अद्रासनेही नसावा, कारण तो चकित होऊन मागे वळून बघत होता की कुणाची बोट आली.

"फादर, इकडे या," युलाली म्हणाली. "ओडील, मेरीमातेला तिकडच्या बाजूला घे. तुम्ही दोघं 'मिस युलाली'त बसा. मी ओढून नेते."

"माझी बोट आहे ती!" अद्रास म्हणाला.

"प्लग माझा आहे!" टेलो म्हणाला.

"मग दोघांनी मागे बसून ठरवा."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे 'कदाचित', तिच्यावर सुकाणू धरून युलाली, शेजारी फादर, आता खरोखर काठांवर पाणी शिंपडणारे. मागे दोरीने बांधलेली, फुलांनी सजलेली 'मिस युलाली', आणि तिच्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन चिखलाचे पुतळे. माझी जाऊ काठावरून ओरडली, "युलाली, आज जाळ्यात काय सापडलं?"

"दोन आहेत," युलाली ओरडून म्हणाली. "लहान आहेत, परत सोडावे लागतील!"

देवळाच्या धक्क्यापर्यंत गेलो, परत आलो. प्लग उडला नाही आणि चिरलाही नाही.

एवढं होऊनही युलालीने कशाला हात लावला नव्हता, हे त्या दोघांनी मानलं नाही, ते नाहीच. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी युलालीच्या ओसरीवर कोळंबी सोलायला गेले होते. टेलो आणि अद्रास एकाच परातीतली कोळंबी सोलत बसले होते.

"मला वाटतं, तिने माझे प्लग रात्रीच आवळले," टेलो म्हणाला.

"आणि माझे गम्बो आणला तेव्हाच," अद्रास म्हणाला. "मी पेला धुवायला आत गेलो होतो."

"फार हुशार बाई."

"लहानपणापासून तशीच."

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि तेही चुकीच्या.

मला राहवेना. मी युलालीमागे स्वयंपाकघरात गेले. "अगं, सांग ना त्यांना पटवून. उगाच तुझ्या माथी!"

"कशाला?" ती खेकड्यांच्या भांड्यात तिखट टाकत म्हणाली. "ऑगस्टपासून दोघंही माझ्याशी फार सांभाळून बोलतात. काल टेलोने कपडे वाळत घातले, मी न सांगता. अद्रासने दाराला बिजागरी लावली. तू चव बघ, मीठ कमी पडलंय का."

मी चव घेतली. मीठ बरोबर होतं, तिखट जरा जास्तच. बाहेरून टेलोची हाक आली, "युलाली, काही मदत करू का?" आणि ती पाठ फिरवून, खांदे हलेपर्यंत हसत राहिली.